टिपऱ्याची पाठ

माणसांना शाळा सुचायच्या कितीतरी आधी माकडांनी एका वडावर शाळा काढली होती. तिथे टिपऱ्या नावाचं पोर फार हुशार होतं. म्हणून गुरुजींनी त्याला अगदी शेंड्याच्या फांदीवर एकटं बसवलं. "खालच्या टोळक्यात बसलास तर वाया जाशील," ते म्हणाले.

टिपऱ्याचा पहिला नंबर येऊ लागला, पण तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं दिसू लागलं. पिकली फळंही त्याला गोड लागेनात. गुरुजींनी 'आनंदी कसे राहावे' यावर त्याला लांबलचक व्याख्यान दिलं. ते ऐकून टिपऱ्या रडायलाच लागला.

एका दुपारी त्याच्या पाठीवर अशा जागी ऊ चावली, की तिथे हातही पोचेना आणि शेपूटही. तो तडक खाली उतरला आणि दरवर्षी नापास होणाऱ्या ढब्बीपुढे पाठ करून बसला.

"उतरली का स्वारी?" ढब्बी म्हणाली. तिनं ऊ शोधून दातांखाली चिरडली. "हुशारांची ऊ जरा आंबटच लागते. वर काय करतोस रे दिवसभर?"

टिपऱ्या सांगू लागला. हळूहळू बाकीची पोरंही भोवती जमली, आणि कित्येक दिवसांनी तो खदाखदा हसला.

तेवढ्यात गुरुजी छडी घेऊन धावत आले. "माझ्या पहिल्या नंबराला नासवता काय रे?"

"तुम्ही पण बसा ना, गुरुजी," ढब्बी म्हणाली. "तुमची पाठ कोण बघतं?"

गुरुजींनी इकडेतिकडे पाहिलं, छडी फांदीला अडकवली आणि हळूच पाठ फिरवली.

"जरा डावीकडे," ते म्हणाले.