कौतिकाचा धागा

सालई नदीवर पूल नव्हता, वाघ दिवसाउजेडी पाण्यावर यायचा आणि नदीतले मासे माणसाला भीत नसत, त्या काळातली ही गोष्ट. नीट सरसावून बसा. ही गोष्ट कुणालाच हळू सांगता येत नाही. माझे आजोबा तर अर्ध्यावर आले की उठून उभे राहायचे.

सालई डोंगरातून उड्या मारत खाली येते आणि पुढे वैनगंगेला मिळते. तिच्या काठी आमडोह नावाचं गाव आणि गावाच्या खालच्या अंगाला ढिवरांचा टोला, म्हणजे वस्ती. ढिवर म्हणजे मासे धरणारी माणसं. पण आमच्याकडचे ढिवर आणखी एक काम करत. ऐनाच्या झाडांवर कोशाचे किडे पाळायचे आणि त्यांनी विणलेल्या कोशांचं रेशीम काढायचं. बाप्ये नदीवर, बाया ऐनाखाली, अशी वाटणीच होती. बाईमाणसानं डोंग्यात पाय ठेवायचा नाही. डोंगा म्हणजे एका झाडाचं खोड कोरून केलेली अरुंद नाव, जरा हललं की कलंडणारी.

या टोल्यात कौतिका सून म्हणून आली. तिचा नवरा सुकरू. अंगानं भक्कम, बोलण्यात मोकळा, आणि अंबाडीचा दोर वळावा तर त्यानंच. त्याच्या दोराला बैल बांधा, बैल थकेल, दोर तुटणार नाही, असं म्हणतात.

आणि नदीत होता दोरतोड्या. हे एका माशाचं नाव. महाशीर जातीचा मासा, डोंग्याएवढा लांब, खवले हाताच्या पंजाएवढे, पाठीवर सोन्याची झाक. किती जणांचे गळ घेऊन तो गेला त्याला गणती नाही. हिवाळ्यात पाणी निवळलं की मोठ्या डोहाच्या तळाशी तो काळ्या सावलीसारखा उभा दिसायचा आणि काठावरच्या माणसांचं बोलणं बंद व्हायचं.

एका हिवाळ्यात सुकरूनं ठरवलं की हा आपणच काढायचा. त्यानं मनगटाएवढा जाड दोर वळला, लोहाराकडून गळ घडवून घेतला, दोराचं एक टोक डोंग्याच्या नाकाला बांधलं आणि एक वेढा स्वतःच्या हाताला घेतला. त्या वेळी अवकाळी पावसानं पाणी गढूळ झालं होतं, माशाला दोर दिसला नाही. वरच्या अंगाच्या खडकापाशी दोरतोड्यानं गळ गिळला आणि तळाकडे सूर मारला. दोर तुटला नाही. डोंग्याचं नाक पाण्यात गेलं, मग डोंगा गेला, मग सुकरू गेला.

दुसऱ्या दिवशी खालच्या वळणावर तो सापडला. गळ वाकून सरळ झाला होता, पण दोर तसाच होता, एक पीळ सुटला नव्हता. टोल्याचा म्होरक्या लहानू बुढा, ज्याच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे आणि ज्याला सगळ्या सुना मामाजी म्हणत, तो दोर हातात घेऊन म्हणाला की असा दोर पुन्हा कुणाच्या हातून होणार नाही. तेव्हा कौतिका बोलली.

"दोर चांगला होता मामाजी, म्हनूनच गेले ते."

लोकांना वाटलं, दुःखानं बाई काहीबाही बोलतेय. पण ते वाक्य तिच्या डोक्यातून हललं नाही. सगळे न तुटणारा दोर शोधतात. वेळेवर तुटणारा दोर कुणी का शोधत नाही?

पुढच्या कार्तिकात ती ऐनाखाली कोशाचे किडे राखत होती. एका कावळ्यानं पिकलेला, कोश विणायला आलेला किडा उचलला आणि तो त्याच्या चोचीतून सुटून भाकरीसोबत आणलेल्या चिंचेच्या पाण्याच्या मडक्यात पडला. कौतिकाच्या ध्यानात आलं तोवर बराच वेळ गेला होता. तिनं तो बाहेर काढला तर किडा मेलेला, आणि त्याच्या फाटल्या अंगातून एक चिकट तार बाहेर आलेली. तिनं ती तार ओढली. तार लांब होत गेली, लांब होत गेली आणि वाऱ्यावर सुकून अशी झाली की डोळ्याला दिसेना, पण बोट कापेल. पाण्यात धरली तर पाणीच.

आता काय सांगू तिचं काय झालं ते. जेवण सुचेना, झोप लागेना. ती रोज एखादा किडा मागून घ्यायची. आधी त्याला हात जोडायची, मग चिंचेच्या पाण्यात ठेवायची आणि तार ओढायची. एकेरी तार, दोन तारांचा पीळ, चार तारांचा पीळ, असे नाना जाडीचे धागे तिनं केले. काठावर बसून, सुकरूच्या जुन्या दोराच्या टोकाला हातभर धागा आणि त्याच्या टोकाला गळ, अशी जोडणी करून ती बघायची. जाड धागा असला की मासे जवळ येत, बघत आणि वळत. बारीक असला की गपकन धरत आणि तोडून जात. बायका हसायच्या. सुकरूचा धाकटा भाऊ डोमा मात्र हसला नाही. तो लांबून बघायचा आणि एक दिवस येऊन शेजारी बसला.

त्याला तिनं एक चमत्कारिक काम सांगितलं. डोंगा उथळ पाण्यात लाव, म्हणाली, त्याच्या नाकाला धागा बांध आणि खाली ओढ. डोमानं ओढलं. नाक वाकलं, पाणी आत आलं, डोंगा भरला, धागा तसाच. कौतिकानं तो धागा फेकून दिला. दुसरा बांधला, तो नाक हलायच्या आतच तुटला. तोही फेकला. असे किती धागे गेले, मोजले कुणी! शेवटी एक धागा असा निघाला की नाक वाकत वाकत पाण्याच्या एक बोट वर उरलं आणि धागा टण्णकन तुटला. डोंगा उसळून सरळ झाला. डोमा पाण्यात उताणा पडला आणि उठून हसतच सुटला. कौतिका पहिल्यांदा हसली, असं म्हणतात. तसल्याच धाग्याची गुंडी तिनं करून ठेवली.

मग तो पौष आला. तशी थंडी ना आधी कधी पडली, ना नंतर. सकाळी काठावरचं गवत पांढरं दिसायचं. लाखोरीचं पीक काळं पडलं. आणि नदीतून मासे नाहीसे झाले. जाळं टाकावं आणि रिकामं ओढावं, हेच रोज. ढिवरांना शेती नाही. मासे द्यावेत आणि धान आणावं, असा त्यांचा संसार. मासे नाहीत तर धान नाही. चुली विझू लागल्या. म्हातारी माणसं आपला घास लेकरांना देऊन पडून राहू लागली. मोठ्या डोहात एकटा दोरतोड्या तेवढा तळाशी उभा होता आणि पाणी काचेसारखं नितळ. त्या पाण्यात कुणाचाही दोर त्याला कोसभरावरून दिसला असता.

कौतिका लहानू बुढ्याकडे गेली आणि डोंगा मागितला. बुढा चिडला. बाई डोंग्यात बसली की नदी कोपते, असं त्याचं म्हणणं. कौतिकानं शांतपणे विचारलं, "आता याच्याहून जास्त कशी कोपनार, मामाजी?" बुढ्यानं आपल्या अंगणाकडे पाहिलं. तिथे त्याची म्हातारी घोंगडी पांघरून पडली होती, कालपासून उठली नव्हती. तो उठला आणि स्वतःच्या हातानं डोंग्याची दोरी सोडून दिली.

सूर्य वर आला होता. डोमा मागे बांबू घेऊन उभा, कौतिका पुढे गुडघ्यावर बसलेली. तिनं लांब दोराची वेटोळी पायाशी घातली, दोराच्या टोकाला आपला धागा बांधला, धाग्याला गळ आणि गळावर पिकलं उंबर. दोराचं दुसरं टोक कुठेही बांधलं नाही, ना डोंग्याला, ना हाताला. उंबर पाण्यावर पडलं, बुडालं, आणि तळाची काळी सावली हलली.

सावली वर आली. उंबराभोवती फिरली. काठावर सगळा टोला उभा होता आणि कुणी श्वास घेत नव्हतं. दुसरा फेरा झाला. आणि मग पाणी फुटलं!

दोरतोड्या निघाला तो सरळ वरच्या अंगाला, धारेच्या उलट. दोराची वेटोळी पायाशी नाचू लागली. कौतिका दोर सोडत होती, सोडत होती, आणि मासा जरा थबकला की हलक्या हातानं गोळा करत होती. डोंगा धारेविरुद्ध पळत होता आणि डोमाला बांबू टेकवायला वेळ मिळत नव्हता. काठावरून लोक धावायला लागले. आधी टोल्यातले धावले, मग गावातले. कुंभारानं चाक सोडलं, धोब्यानं धुणं सोडलं, गुराख्यांनी गुरं सोडली. वरच्या गावात बातमी पोचायच्या आधी डोंगाच पोचला. तिथले लोकही धावू लागले. उपाशी माणसांच्या अंगात ते बळ कुठून आलं कुणाला ठाऊक. ताणलेला धागा गात होता, त्याचा आवाज दोन्ही तीरांवर ऐकू येत होता आणि झाडांवरचे बगळे त्या आवाजानं उठत होते, असं म्हणतात.

सुकरू बुडाला होता त्या खडकापाशी माशानं एकदम खाली सूर मारला. सगळा दोर संपला. टोक कौतिकाच्या मुठीत आलं. मुठीतून रक्त गळत होतं. डोंग्याचं नाक वाकलं. डोमा मागून ओरडला की टोक नाकाला बांध, नाहीतर गेला. कौतिकानं मान हलवली. तिनं दोन्ही हातांनी टोक धरून ठेवलं आणि कड पाण्याकडे जाताना बघत राहिली. चार बोटं उरली. दोन बोटं उरली. भीती तिलाही वाटत होती. पण धाग्यावर तिचा भरवसा होता, की हा तुटायचा असेल तेव्हा तुटेल, आम्हाला नेणार नाही.

एक बोट उरलं आणि मासा वळला.

धागा तुटला नव्हता. पुढे डोंगराची खिंड होती. दोन्ही बाजूंनी उभे कडे, तिथे कुणी डोंगा नेत नसे. मासा आत शिरला, मागे डोंगा शिरला आणि काठावरची माणसं थांबली. खिंडीत धुकं होतं. दुपार झाली तरी कसलं धुकं, म्हणून डोमा चकित झाला. कौतिकानं रक्ताळलेला हात पाण्यात बुडवला आणि पटकन बाहेर काढला. पाणी ऊन होतं. कड्याच्या पायथ्यातून उन्हाळे, म्हणजे ऊन पाण्याचे झरे, फुटले होते, वाफ निघत होती, आणि त्या ऊन पाण्यात, अहाहा, नदीतले सगळे मासे! रोहू, मरळ, शिंगाडे, लहान, मोठे, एकाला एक खेटून. डोंग्याला ते ढकलत होते. थंडीला भिऊन सगळी नदी तिथे येऊन बसली होती.

दमलेला दोरतोड्या डोंग्याशेजारी वर आला आणि कुशीवर पडला. त्याचा डोळा कौतिकाकडे होता. डोमानं भाला उचलला. 

"भाऊ खाल्ला यानं, वयनी."

"यानं नाही," कौतिका म्हणाली. "हा बिचारा सुटायला पाहत होता. धरून ठेवला तो आपन."

डोमा तसाच उभा राहिला. मग त्यानं भाला खाली ठेवला आणि तिथेच बसून भावासाठी रडला. वर्षभरात तो रडला नव्हता. कौतिकानं वाकून धागा दातांनी तोडला. मासा थोडा वेळ हलला नाही. मग शेपटीचा एक हलका तडाखा डोंग्याला देऊन तो उतरत खाली गेला. तो गळ पुढे आपोआप गळून पडला, असं म्हणतात.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत खिंडीत जाळी आली. टोल्यातल्या सगळ्या चुली पेटल्या, गावात मासे गेले, गावातून धान आलं. लहानू बुढ्याची म्हातारी उठून बसली आणि रस्सा आणखी मागू लागली. लोकांनी सगळे मासे उपसले असते, पण कौतिका खिंडीच्या तोंडावर डोंगा आडवा लावून बसली. चुलीपुरते न्या, म्हणाली, थंडी सगळ्यांनाच लागते. तिला ओलांडून कोण जाणार!

त्यानंतर ती आयुष्यभर नदीवर राहिली. दोन्ही काठांच्या गावांतून लोक तिच्याकडे धागा न्यायला येत. ती आधी त्यांचा डोंगा बघायची, त्यांचं अंग बघायची, घरी कोण कोण आहे ते विचारायची आणि मगच कुठला धागा द्यायचा ते ठरवायची. खूप म्हातारी झाल्यावर एका पौषात ती एकटी डोंगा घेऊन खिंडीकडे गेली. डोंगा परत आला, आत कुणी नव्हतं. तिला दोरतोड्यानं पाठीवर घेतलं, असं म्हणतात. थंडीच्या दिवसांत खिंडीतून तारेसारखा आवाज येतो, तो मी स्वतः ऐकला आहे.

आता नदीवर पूल आहे. बाजारात तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा, मिळतो, हव्या त्या जाडीचा. तरीही आमडोहाचे ढिवर लांब दोर जाड घेतात आणि गळाजवळचा हातभर तुकडा त्याच्याहून बारीक बांधतात. त्या तुकड्याला ते कौतिका म्हणतात. पौषाच्या पहिल्या दिवशी कुणी गळ टाकत नाही. सगळे डोंगे खिंडीपर्यंत जातात, पुढच्या डोंग्यात टोल्यातली सगळ्यात वडील बाई बसते आणि पिकली उंबरं पाण्यात सोडून सगळे परत येतात. खिंडीत आजही चुलीपुरतेच मासे धरतात. आणि सालईनं त्यानंतर एकही गळ टाकणारा माणूस नेला नाही, असं म्हणतात.

थंडीत कधी आलात तर सकाळी काठावर उभे राहा. डोंगा पाण्यात ढकलला की घरची बाई काठावरून एकच विचारते, "कौतिका बांधली का?" आतला माणूस वळून "बांधली" म्हणतो. तो म्हणेपर्यंत ती डोंग्याच्या कडेवरचा हात काढत नाही.