माशाचा निरंकार उपास

एक होता राजा, एक होती राणी, आणि नदीकाठच्या झोपडीत राहत होते रानबा भोई नि त्याची बायको बायजा. पदरात दोन लेकरं. राजाचं नाव विचारू नका, मला कोणी सांगितलं नाही.

एकदा काय झालं, रानबाच्या जाळ्यात एक मासा आला. साधा नव्हे, बरं का. पोटात दिवा लावल्यासारखा उजळायचा. रानबाने तो राजाला नजराणा म्हणून नेऊन दिला. राजा खूश. त्याने दरबारात काचेचा हौद करवून घेतला, मासा त्यात सोडला. आणि तिथून त्या बिचाऱ्याचे हाल सुरू झाले.

कशाने? लाडाने. राणीला वाटलं, पाहुणा आलाय, आग्रह नको का करायला? सकाळी शिरा, दुपारी दहीभात, संध्याकाळी लाडवाचा चुरा. मासा कंटाळून तळाशी जाऊन बसला, तर म्हणते, "लाजतोय गं बाई, अजून घाला." आता मासा कधी लाजतो का?

मग होती भिवरा नावाची म्हातारी दासी. तिला स्वच्छतेचं भारी वेड. रोज उठून हौदातलं सगळं पाणी शिळं म्हणून फेकायची, चिंच नि राख लावून हौद घागरीसारखा घासायची, आणि विहिरीचं गारेगार पाणी भडाभडा ओतायची. मासा गारठून जायचा.

आणि राजा तर राजाच. येईल त्या पाहुण्याला हौदाशी न्यायचा नि काचेवर अंगठी आपटायचा. टक टक टक. "बघा कसा दचकतो."

आठ दिवसांत माशाचा उजेड गेला. पोट फुगलं, पर चिकटले, एका कुशीवर तरंगायला लागला. राजा म्हणाला, "भोयाने आजारी मासा माझ्या गळ्यात मारला." रानबाला कोठडीत टाकलं. बायजाला बोलावून सांगितलं, "सोमवारपर्यंत मासा उजळला तर नवरा सुटेल. नाहीतर लेकरं घे नि ही नदी सोडून चालती हो." भोयाने नदी सोडायची म्हणजे खायचं काय, सांगा.

मग बायजा हौदाशी येऊन बसली. दुपारी जेवून सगळा राजवाडा आडवा झाला, तेव्हा मासा वर आला आणि बोलायला लागला. हो, बोलला. मध्ये मध्ये विचारू नका.

"बायजाबाई, मी आजारी नाही गं. मला पाहुणचार झालाय."

"मग करू काय?"

"मला उपाशी ठेव. जुनं पाणी सगळं फेकू देऊ नको, त्यात माझा जीव आहे. आणि त्या राजाची अंगठी काढून घे."

"राजाची अंगठी मी काढू? माझा नवरा आधीच आत आहे."

"ते तुझं तू बघ," मासा म्हणाला, आणि गेला खाली.

मग बायजाने एकेकाला नीट समजावलं. राणी म्हणाली, "उपाशी? आमच्या घरात?" आणि वाटीभर शिरा ओतला. भिवरा म्हणाली, "शिळं पाणी मी जिवंत असेपर्यंत ठेवायची नाही." राजाने तर ऐकता ऐकताच टकटक केलं. असे दोन दिवस गेले. तीच विनवणी, तेच उत्तर. बायजाचं डोकं फिरलं. तिने पदर खोचला आणि भर दरबारात सांगितलं, "माशाने व्रत धरलंय. स्वतः बोलला माझ्याशी. तीन दिवस उपास, तीन दिवस सोवळं, तीन दिवस मौन."

मग काय! व्रत म्हटल्यावर मोडणार कोण? राणीचा हात वाटीवरच थांबला.

"साबुदाण्याची खिचडी तरी चालेल ना?"

"निरंकार आहे, राणीसाहेब. कणसुद्धा नाही."

"अर्धं केळं?"

"राणीसाहेब."

भिवराने चिंच-राख उचलली आणि लांब जाऊन बसली. सोवळ्यातल्याला शिवायचं कसं? राजाने अंगठीचा हात पाठीमागे बांधला, आणि पाहुणे आले की तोंडावर बोट ठेवायचा.

मग बायजा कामाला लागली. नदीचं पाणी माठात भरून सावलीत ठेवायची. दुसऱ्या दिवशी हौदातलं चार तांबे पाणी काढायची, माठातलं चार तांबे घालायची. तेवढंच. तळाशी नदीतले गोटे ठेवले, थोडं शेवाळ सोडलं. उन्हाच्या बाजूला आपलं लुगडं टांगलं. पहिल्या दिवशी माशाचं पोट उतरलं. दुसऱ्या दिवशी पर सुटले. तिसऱ्या दिवशी, सोमवारी, मासा आधी काजव्याएवढा उजळला, मग समईएवढा, मग सगळा दरबार लख्ख.

राजा म्हणाला, "व्रताला मोठं फळ आहे." बायजाने मनातल्या मनात कपाळावर हात मारला. रानबा सुटला. नदीचा मोठा डोह राजाने त्यांच्या नावे केला, आणि हौदाचं सगळं बायजाच्या हाती दिलं. ती चिमूटभर खाणं घालायची, बास.

पण राणीला कुठे चैन? म्हणाली, "व्रताचं उद्यापन करायला हवं. माशाला पंचपक्वान्नं करते."

बायजा म्हणाली, "राणीसाहेब, या व्रताच्या उद्यापनाला भोयाचं घर जेवू घालतात. आणि हे व्रत दर महिन्याला येतं."

मग काय विचारता. दर महिन्याला राणी स्वतः वाढायला यायची. रानबाच्या पानात पोळीवर पोळी, बायजाच्या पानात तुपाची धार, आणि लेकरं नको नको म्हणाली की अजून एक लाडू. ती चौघं जशी पोटभर जेवली, तशीच तृप्त राहिली. तुम्हीही जेवलात ना? मग डोळे मिटा आता.