टिमकीचं बशीएवढं डबकं

गावाबाहेर नवी वस्ती. वस्तीत एक घर. घरामागे एक नळ. नळाखाली एक डबकं, बशीएवढं.

डबक्यात राहायची टिमकी बेडकी. सोबत तिची दोन पिल्लं. एक थेंबू, एक ठिपकू. त्यांना अजून पाय नव्हते. नुसत्या शेपट्या. वळवळ वळवळ.

नळ गळायचा, टप् टप्. डबकं भरायचं, डुबुक डुबुक.

नळाचं पाणी बोअरचं. त्यात पांढरा खार. घरातल्या रेवतीवहिनीला भारी काळजी. "बाळाच्या पोटात खडे गेले म्हणजे?" म्हणून तिनं नळाच्या तोंडाला फडकं बांधलं. चांगलं चौपदरी. रोज थोडा खार बसला. रोज थोडा खार बसला. फडकं झालं पापडासारखं कडक.

एक दिवस टप् टप् थांबलं. डबकं आटलं. बशीएवढं होतं, वाटीएवढं झालं.

"घाबरू नका रे," टिमकी म्हणाली. "आत्ता आणते पाणी."

टुणुक टुणुक, टिमकी गेली नळाकडे.

"नळोबा नळोबा, गळा ना.
डबकं भरेना,
पिल्लं माझी सुकली."

"मी कसा गळू? तोंडाला फडकं. आधी वहिनीला सांग, फडकं सोड."

टुणुक टुणुक, टिमकी गेली वहिनीकडे.

"वहिनी वहिनी, फडकं सोडा ना.
नळ गळेना,
डबकं भरेना,
पिल्लं माझी सुकली."

"कोण बोलतंय गं?" वहिनीनं खाली पाहिलंच नाही. बाळ कडेवर. बाळ रडतंय. "मला हात दोनच. आधी बाळ झोपू दे."

टुणुक टुणुक, टिमकी गेली बाळाच्या पायाशी.

"बाळा बाळा, झोप ना.
फडकं सुटेना,
नळ गळेना,
डबकं भरेना,
पिल्लं माझी सुकली."

"मी कसा झोपू? पोटात भूक. आधी डाळीला सांग, शीज."

टिमकीनं मागं वळून पाहिलं. डबकं उरलं चमच्याएवढं.

टुणुक टुणुक, टिमकी गेली चुलीपाशी.

"डाळताई डाळताई, शीज ना.
बाळ झोपेना,
फडकं सुटेना,
नळ गळेना,
डबकं भरेना,
पिल्लं माझी सुकली."

"रटरट रटरट, सकाळपासून उकळतेय मी. बोअरच्या पाण्यात मी मऊच होत नाही बाई. आधी हंड्याला सांग, गोड पाणी दे."

टुणुक टुणुक, टिमकी गेली हंड्याकडे.

"हंडेदादा हंडेदादा, पाणी दे ना.
डाळ शिजेना,
बाळ झोपेना,
फडकं सुटेना,
नळ गळेना,
डबकं भरेना,
पिल्लं माझी सुकली."

ठण् ठण्, हंडा वाजला. "माझंच पोट रिकामं. आधी नथूकाकांना सांग, चावी फिरवा."

नथूकाका म्हणजे गोड पाणी सोडणारे. नाक्यावर बसायचे. हातात लांब लोखंडी चावी.

टिमकीनं मागं वळून पाहिलं. डबकं उरलं टिकलीएवढं.

टुणुक... टुणुक. टिमकी दमली. तरी गेली.

"काका काका, चावी फिरवा ना.
हंडा भरेना,
डाळ शिजेना,
बाळ झोपेना,
फडकं सुटेना,
नळ गळेना,
डबकं भरेना,
पिल्लं माझी सुकली."

"आज तुमच्या गल्लीची पाळी नाही पोरी. उद्या ये."

"उद्या?" टिमकी म्हणाली. डोळ्यातून एक थेंब पडला. काकांच्या बोटावर पडला. काकांनी बोट जिभेला लावलं.

"हेही खारंच," काका म्हणाले. हळूच उठले. "पाळी उद्याची. पण थोडी फिरवतो."

चावी फिरली, किर्र किर्र.
हंडा भरला, घळघळ घळघळ.
डाळ शिजली, रटरट रटरट. पण डाळीला वेळ लागला. टिमकी दारात बसून राहिली.
बाळ जेवलं, मम् मम्.
बाळ झोपलं, गाई गाई.
वहिनीचे हात मोकळे झाले. फडकं सुटलं.
नळ गळला, टप् टप्.
डबकं भरलं, डुबुक डुबुक.

टिमकीनं उडी मारली. "थेंबू?"

थेंबूची शेपटी हलली. वळवळ वळवळ.

"ठिपकू?"

ठिपकू हलला नाही.

"ठिपकू रे?"

ठिपकू हलला नाही.

कडक फडकं हातात धरून वहिनी खाली वाकली. आता तिनं पाहिलं. "अगं बाई, इथं तुम्ही राहता होय. मला माहीतच नव्हतं गं."

तिनं तुळशीचं एक पान तोडलं. ठिपकूवर अलगद ठेवलं. मग घरात गेली. बाळासाठी गोड पाणी उकळून गार केलेलं होतं. त्यातलं वाटीभर आणलं. हळूच डबक्यात ओतलं.

"हे तुझ्या थेंबूला. आता रोज देईन."

तेव्हापासून वहिनी रोज फडकं धुते. रोज वाटी ओतते. रोज खाली वाकून बघते. थेंबूला पाय फुटले. पहिली उडी मारली, टुणुक. टिमकी हसली. मग तुळशीकडे बघत बसली.

डबकं बशीएवढं, गोष्ट वाटीएवढी. वाटी झाली रिकामी. मीट आता डोळे.