राजेळीची पाटी

फार मागची गोष्ट. किती मागची म्हणाल, तर तेव्हा राजे पायी हिंडायचे आणि लोकांच्या अंगणात बसून केळी खायचे. पोरांनो, पुढं सरकून बसा. आणि मागं भिंतीला टेकलेल्या मोठ्यांनो, तुम्ही तर नीटच ऐका, कारण या गोष्टीत पोरांनी काहीच वाईट केलेलं नाही.

डोंगरांच्या मधे एक खोरं होतं. तिथं घरोघरी राजेळी केळ असायची. वीतभराहून लांब फळ, पिकलं की गोड, वाळवलं की वर्षभर टिकणारं. त्याच्या पिठाची पेज खाऊन खोऱ्यातली तान्ही मुलं बाळसं धरायची.

पण या राजेळीत बी नसतं बरं का. थोरल्या झाडाच्या पायाशी पिल्लं फुटतात, त्यांना मुनवे म्हणतात. मुनवा काढायचा आणि दुसरीकडं लावायचा, एवढाच तिचा वंश. म्हणून लेक सासरी निघाली की आई तिच्या ओटीत नारळाबरोबर एक मुनवा घालायची, ओल्या फडक्यात गुंडाळून.

आवडाईला तिच्या आईनं असाच मुनवा दिला होता. आई पुढं वारली, पण आवडाईच्या परसात ती केळ वाढत राहिली. नदीपलीकडच्या टेकडीवर राजानं केळीची बाग करायची ठरवली, प्रत्येक जातीचं एक झाड, तेव्हा राजेळीचा मुनवा आवडाईच्याच परसातून गेला. पुढं ती त्या बागेत कामालाही लागली. प्रत्येक झाडापुढं तांब्याची पाटी होती आणि पाटीवर जातीचं नाव कोरलेलं होतं.

एका वर्षी खोऱ्यात रोग आला. केळीचा पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं कोवळं पान, काळा पडायचा आणि आठवड्यात झाड बसायचं. दुसरं वर्ष उजाडेपर्यंत एकाही अंगणात राजेळी उरली नाही. आवडाईचीही गेली. रोग नदी ओलांडून मात्र गेला नाही. अख्ख्या मुलखात राजेळीचं एकच झाड उरलं, टेकडीवरच्या बागेत, पायाशी सहा मुनवे घेऊन. आवडाई रोज सकाळी ते मोजायची. आईची एवढीच खूण राहिली होती आणि खोऱ्याची आशाही तेवढीच.

राजानं निरोप धाडला, उरलेली राजेळी पाहायला मी स्वतः येतो. झालं! बागेच्या कारभाऱ्याची धांदल उडाली. त्यानं बायकांना सांगितलं, "सगळ्या पाट्या काढा, चिंच लावून घासा. आरशासारख्या दिसल्या पाहिजेत."

बायकांनी पाट्या काढल्या, ढीग केला, चिंचेनं घासल्या, धुतल्या, आणि परत लावल्या. आता ऐका गंमत. गंमत कसली, कपाळ माझं! बायकांना झाडं ओळखू यायची, पण अक्षर येत नव्हतं. कारभाऱ्याला अक्षर यायचं, पण केळ आणि कर्दळ शेजारी ठेवली तरी त्याला फरक कळला नसता. ढिगातून जी पाटी हाताला लागली ती पुढच्या झाडाला गेली. राजेळीची पाटी आवडाईनंच रोवली, आणि ती रोवली चवईपुढं.

चवई म्हणजे रानकेळ. डोंगराच्या कड्याकपारीत आपोआप उगवते. दिसायला मोठी देखणी, बुंध्याशी रांजणासारखी फुगलेली.

राजा आला तेव्हा कामकरी बायकांना कुंपणाबाहेर उभं केलं होतं. राजानं चवईपुढची पाटी वाचली, झाडाकडं पाहिलं, आणि हात जोडले. "काय ऐट आहे राजेळीची! हीच सगळीकडं लावा." मग त्याची नजर सहा मुनव्यांच्या केळीकडं गेली. तिच्यापुढं पाटी होती, 'चवई, रानटी'. राजा म्हणाला, "रोग असल्या रानटी झाडांतूनच येत असेल. ही पौर्णिमेपर्यंत मुळासकट काढून जाळून टाका."

आवडाईच्या कानावर हे आलं मात्र, ती धावत कारभाऱ्याकडं गेली.

"कारभारी, पाट्या चुकीच्या झाडांना लागल्यात. माझ्याच हातून लागल्या. मला काय शिक्षा करायची ती करा, पण राजेळी जाळू नका."

"पाटी वाच बघू," कारभारी म्हणाला.

"मला वाचता येत नाही."

"मग बोलतेस कशाला?"

"अहो, झाड बघा की! राजेळीच्या पायाशी पिल्लं असतात. ही बघा सहा. चवईला कधी पिल्लू फुटत नाही, ती जन्मभर एकटी. राजेळीच्या पानाला लांब देठ असतो, चवईचं पान बुंध्यालाच चिकटल्यागत. उन्हाळ्यात चवई पार वाळून जमिनीला मिळते, राजेळी हिरवी राहते. आणि चवईचं फळ कापलंत, तर आत गर थोडा आणि काळ्या बिया जास्त, दगडासारख्या."

कारभारी झाडापाशी वाकला. तो काही मूर्ख नव्हता हो, मूर्ख असता तर मी त्याला माफ केलं असतं. त्यानं सहा मुनवे पाहिले. देठ पाहिले. मग हळू आवाजात म्हणाला, "राजानं तिच्यापुढं हात जोडलेत, आवडे. आता राजाला जाऊन सांगू, की तुम्ही रानकेळीला नमस्कार केलात? तुझंही डोकं जाईल आणि माझंही. जा घरी."

आवडाई गावात गेली. पारावर दहा-बारा म्हातारी माणसं बसली होती, ज्यांचा जन्म राजेळीच्या सावलीत गेला. ती म्हणाली, "तुम्ही सगळे ओळखता. एकदा चला माझ्याबरोबर. दहा तोंडांनी सांगितलं तर राजा ऐकेल."

एकानं पायाचा अंगठा चोळला. एक म्हणाला, "राजाची पाटी आहे ती. आपण कशाला वाकड्यात शिरायचं?" बाकीच्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. मला अजून संताप येतो. ओळखत होते, सगळे ओळखत होते!

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आवडाई भर दुपारी बागेत शिरली. एक मुनवा तिनं कंदासकट काढला आणि लुगड्याच्या ओच्यात घातला. फाटकावर पहारेकऱ्यानं अडवलं. "रानटी झाडाचा रोग गावात नेतेस?" तो ओरडला. तिनं त्याचे पाय धरले. "अरे, ही राजेळी आहे. तुझ्या आईनं तुला हिचीच पेज भरवलीय." पहारेकऱ्याचा हात क्षणभर थांबला. मग त्यानं मुनवा ओढून घेतला आणि जाळायला रचलेल्या सरपणावर टाकला. दुसऱ्या दिवशी उरलेले पाच, थोरलं झाड आणि खालची सगळी मुळं खणून जाळली. ओली केळ लवकर पेटत नाही. ती दिवसभर धुमसत राहिली आणि आवडाई कुंपणाला धरून ते बघत बसली.

कारभाऱ्यानं मग दवंडी पिटवली, "आनंदाची बातमी! राजेळी डोंगरात हवी तेवढी आहे. प्रत्येकानं आणून दारात लावावी." आणि लावली हो लोकांनी! ज्या झाडाला आजोबा चवई म्हणत, त्याला नातू राजेळी म्हणू लागले. पारावरच्या म्हाताऱ्यांनीही लावली. पाणीसुद्धा घातलं.

काही वर्षांनी चवईला घड आले. लोकांनी फळं चावली आणि दातांखाली बिया कडाकडा वाजल्या. पेज करायला पीठ निघेना. एकदा घड आला की चवई मरते, तशा त्या एकामागून एक मेल्या, मागं एकही पिल्लू न ठेवता. खोऱ्यात तान्ही मुलं रडत होती आणि आया मोकळ्या अंगणाकडं बघत होत्या.

शेवटी राजाला सगळं कळलं, आवडाईनं सांगून पाहिलं होतं तेही. कारभाऱ्याला त्यानं हाकललं, पण त्यानं काय होणार होतं? मग राजा चालत आवडाईच्या दारी आला. ती आता पार थकली होती.

"माझी चूक झाली, बाई," राजा म्हणाला. "मी तुझ्याबरोबर येतो. डोंगर, नदी, सगळा मुलूख पालथा घालू. तू फक्त मला राजेळी ओळखून दाखव."

आवडाईनं मोकळ्या परसाकडं हात केला. मग म्हणाली, "ओळखायला झाड लागतं, महाराज."

राजा आल्या पावली परत फिरला. आवडाई पुढं दोन वर्षं जगली. त्या खोऱ्यात राजेळी पुन्हा कधीच झाली नाही. शोधणाऱ्यांनी पुष्कळ शोधली.

बोध: ओळखणाऱ्यांनी वेळेवर तोंड उघडलं नाही आणि सत्ता असणाऱ्यांनी वेळेवर ऐकलं नाही, तर खोटं नाव टिकतं आणि खरी वस्तू कायमची जाते.