बायोडाटातली कोरी ओळ

सात मेडिकल दुकानांचे मालक जयवंतशेट फार्मसी कॉलेजात मुलाखती घ्यायला बसले, ते सरकारी औषध निरीक्षकांना शेजारी बसवूनच. एवढा त्यांचा रुबाब! समोर उभी होती मृण्मयी गुंजाळ. तिची आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे गावातली ही एकच नोकरी तिला जमण्यासारखी होती.

शेटांनी तिचा बायोडाटा दोन बोटांत धरून साऱ्या वर्गाला दाखवला.

"बघा रे! बाईंनी तीन महिने ट्रेनिंग केलंय, तेही माझ्याच स्टेशन रोडच्या दुकानात. आणि कोणत्या फार्मासिस्टच्या हाताखाली, ती ओळ कोरी! अगं, शिकवणाऱ्याचं नावसुद्धा विसरलीस?"

पोरं खिदळली. मृण्मयी मात्र जागची हलली नाही.

"नाव पाठ आहे, सर. गुरव. त्यांचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे, त्याची काच रोज मीच पुसायचे. पण तीन महिन्यांत गुरव सर काही दिसले नाहीत. फार्मासिस्ट हजर नसेल तर औषध विकायचं नाही असा कायदा आहे, म्हणजे ते येत असणारच. किती वाजता येतात, तेवढं सांगा. त्यांना भेटते आणि इथंच नाव लिहिते."

निरीक्षकांनी चहाच्या कपातून डोकं वर काढलं नाही. शेटांनी बायोडाटा बाजूला सारून हाक दिली, "पुढचा!"

नोकरी मिळाली ती त्याच दुकानात ट्रेनिंग करून त्या ओळीत गुरवांचं नाव ठसठशीत अक्षरांत लिहिणाऱ्या पोराला. मात्र गुरव दिसतात कसे, हे त्याला विचारायची शेटांची काही छाती झाली नाही.