तोंडं मोजणारा कळप

फार पूर्वी, रानाला अजून कुणी कुंपण घातलं नव्हतं तेव्हा, रानम्हशींचा एक कळप होता. पाण्याला कुठे जायचं ते एकटा भोरप्या रेडा ठरवायचा. एका उन्हाळ्यात त्याने कळपाला सलग दोन दिवस कोरड्या डोहांवर नेलं. दुसऱ्या डोहापाशी एक पारडू कोसळलं, ते पुन्हा उठलंच नाही.

तिसऱ्या सकाळी भोरप्या पश्चिमेला निघाला, पण मागे कुणीच आलं नाही.

"बसलात काय? उठा!" तो गरजला.

"उठतो," म्हातारी चंद्री म्हणाली. "पण आजपासून ज्याला जिकडे पाणी आहे असं वाटतं, त्याने तिकडे तोंड करून उभं राहायचं. जास्त तोंडं जिकडे, तिकडे सगळा कळप."

"म्हणजे ही लंगडी रतनी आणि मी सारखेच?"

"तहान तिलाही लागते, मालक."

एकेक म्हैस उठली. नऊ तोंडं भोरप्याच्या पश्चिमेला वळली. सतरा पूर्वेला वळली, कारण पहाटे तिकडून ओला वारा आला होता. कळप पूर्वेला निघाला. भोरप्या मात्र जागचा हलेना.

"माझं तोंड मोजलंत तरी का?"

"मोजलं की. एक," चंद्री मागे वळून म्हणाली. "उद्याही मोजू. आता चला, तुमच्याशिवाय कळप पुरा होत नाही."

वाट अरुंद होती. पुढे रतनी लंगडत चालली होती. तिच्या मागे, तिच्याच चालीने, भोरप्याही झऱ्यावर पोहोचला.