वनमाला कोडापेच्या जागी

“मन घट्ट कसं ठेवायचं, तेवढं यांना समजावून सांगा, भन्तेजी.”

डॉ. प्रभंजन रंगारी वंदन करून बसले होते. त्यांच्या मागे, दाराशी, मडावी सिस्टर उभी होती. तिनं वंदन केलं नव्हतं आणि ती बसलीही नव्हती.

भन्ते शीलवंश फाटलेलं चीवर शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“का? यांचं मन सैल झालंय?”

“सैल नाही, भन्तेजी. तुटलंय.”

विहार टेकडीवर होता. खाली तालुक्याचं गाव. गावात तापाची साथ येऊन चार महिने झाले होते. सरकारी रुग्णालयात खाटा साठ, रुग्ण दीडशे. डॉक्टर तिथले अधीक्षक. आठ वर्षांपासून ते भन्तेंकडे ध्यान शिकत होते. साथीतही त्यांचा पहाटेचा एक तास चुकला नव्हता, आणि हे ते भेटेल त्याला सांगत.

रुग्णालयातही त्यांनी ध्यान सुरू केलं होतं. रोज सकाळी आठला, पाळी बदलताना, पंधरा मिनिटं. भिंतींवर पोस्टर लावली होती : ‘मन खंबीर, तर साथ नाही गंभीर.’

सोमवारी मडावी सिस्टर त्या ध्यानातून मधेच उठली. तिनं वॉर्डातलं पोस्टर फाडलं, पोर्चमधलं फाडलं, आणि डॉक्टरांच्या केबिनच्या दारावरचंही फाडलं.

“बावीस वर्षांची नोकरी आहे यांची,” डॉक्टर म्हणाले. “मी अजून नोटीस काढलेली नाही. म्हटलं, आधी तुमच्याकडे आणावं. चार शब्द ऐकतील, लेखी माफी देतील, विषय संपेल.”

“ताई,” भन्ते म्हणाले, “सोमवारी काय झालं?”

“सोमवारी काही नाही झालं. जे झालं ते रविवारी झालं.”

“रविवारी?”

“वनमाला कोडापे. माझ्याच वॉर्डातली सिस्टर. सव्वीस वर्षांची. रविवारी दुपारी चारला गेली, आमच्याच वॉर्डात, अकरा नंबरच्या खाटेवर. तिच्या नाकातली नळी मी काढली.” ती थांबली. “आणि सोमवारी आठ वाजता सर म्हणाले, डोळे मिटा. ओठांवर हलकंसं हसू आणा.”

भन्तेंची सुई थांबली.

“ध्यान झाल्यावर ड्युटीचा कागद हातात देऊन राहिले होते. तिच्या नावावर काट मारलेली. तिच्या पाळीपुढे माझं नाव. माझ्या पाळीपुढे पण माझंच.”

“माणसंच नाहीत, भन्तेजी,” डॉक्टर म्हणाले.

“तिला ताप कधी आला?”

“गुरुवारी,” सिस्टर म्हणाली.

“शेवटची ड्युटी कधी केली?”

“शनिवारी.”

भन्ते डॉक्टरांकडे वळले. “ताप आहे, हे तुला माहीत होतं?”

“होतं. तिनं केबिनमध्ये येऊन सांगितलं होतं.”

“मग तू काय म्हणालास?”

“मी सांगते,” मडावी सिस्टर म्हणाली. तिचा आवाज चढला. “सर म्हणाले, ताप शरीराला आलाय, मनाला येऊ देऊ नका. ती पोरगी हो म्हणाली आन् गेली इंजेक्शनं द्यायला. भिंतीला धरून धरून देत होती.”

छपराचा पत्रा उन्हानं तडतडला.

“हे वाक्य तू कुठून आणलंस?” भन्तेंनी विचारलं.

“तुमचंच आहे, भन्तेजी. मला विषमज्वर झाला होता, तेव्हा तुम्ही म्हणाला होता.”

“तेव्हा तू कुठे होतास?”

“घरी.”

“घरी काय करत होतास?”

“अंथरुणावर होतो…” डॉक्टरांचा आवाज बारीक झाला. “महिनाभर.”

भन्तेंनी चीवर बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून ते उठले, दारापर्यंत चालत गेले, आणि मडावी सिस्टरसमोर गुडघे टेकून जमिनीपर्यंत वाकले.

भिक्खू गृहस्थाला वंदन करत नाही. डॉक्टर ताडकन उभे राहिले.

“भन्तेजी! हे काय करताय?”

“वाक्य माझं होतं,” भन्ते म्हणाले.

सिस्टर दोन पावलं मागे सरकली. पण ती विरघळली नाही.

“तुम्ही वाकल्यानं ती परत येणार आहे का?”

“नाही.”

“मग कशाला वाकता? मला मन घट्ट नाही करायचं. बावीस वर्षं घट्टच आहे ते. मला घरी जाऊन रडायचं आहे. दोन दिवस झोपायचं आहे. तिच्या आईला जाऊन भेटायचं आहे. आणि तिच्या जागी माणूस पाहिजे. एवढंच मागून राहिले, तर म्हणे हिचं मन तुटलं!”

भन्ते उठले. “दे,” ते डॉक्टरांना म्हणाले.

“कुठून देऊ? जागा भरा म्हणून मी वर लिहिलंय.”

“किती वेळा?”

“एकदा.”

“आणि ध्यानाचे फोटो वर पाठवतोस?”

“हो.”

“किती वेळा?”

“रोज,” डॉक्टर म्हणाले.

मग त्यांना राहवलं नाही. “पण भन्तेजी, मी स्वतः तर डगमगलो नाही! चार महिने मृत्यू बघतोय. एकदा डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही.”

“वनमाला गेली तेव्हा?”

“तेव्हाही नाही.”

बोलून गेल्यावर डॉक्टरांनी आपले शब्द ऐकले. ते खाली बघू लागले.

“तुझं ध्यान आजपासून बंद,” भन्ते म्हणाले. आठ वर्षांत डॉक्टरांनी त्यांना इतकं रागावलेलं पाहिलं नव्हतं. “मी शिकवलेलं मी परत घेतो. उद्या सकाळी आठला वनमालाच्या ड्युटीवर जा.”

“मी अधीक्षक आहे, भन्तेजी.”

“म्हणून तर जा.”

डॉक्टर रागानंच टेकडी उतरले. पण संध्याकाळी त्यांनी मडावी सिस्टरच्या दोन दिवसांच्या रजेवर सही केली, आणि दुसऱ्या दिवशी आठला वॉर्डात गेले.

पहिल्या दिवशी त्यांना पाणी प्यायला दुपारचे दोन वाजले. चाळीस सलाईनच्या बाटल्या, अकरा चादरी, तीन मृतदेह. वॉर्डात सिस्टरसाठी एक खुर्ची होती, तिचा एक पाय मोडलेला. गेल्या चार महिन्यांत ते या वॉर्डात रोज फेरी मारून गेले होते. खुर्ची त्यांना कधी दिसली नव्हती.

मास्कमुळे त्यांना कोणी ओळखत नव्हतं. दारालगतच्या खाटेवरच्या म्हातारीला तर दिसतच कमी होतं. ती तिसऱ्या दिवशी म्हणाली, “वनमालाबाई, आज लय दमल्या दिसता. बसा जराशा.”

डॉक्टर चादरींच्या खोलीत गेले. आतून कडी लावली. किती वेळ ते तिथे होते, त्यांनाही सांगता आलं नसतं. बाहेर आले तेव्हा मास्क ओला होता.

मडावी सिस्टर वनमालाच्या आईला भेटून, झोप काढून परत आली. तिनं डॉक्टरांच्या हातातला इंजेक्शनचा ट्रे घेतला. सकाळचं ध्यान बंद झालं, ती पंधरा मिनिटं सिस्टर लोक चहा पिऊ लागल्या. नोटीस निघाली नाही. पण वरून माणूसही आला नाही.

बाराव्या दिवशी डॉक्टर पुन्हा टेकडी चढून आले. डोळे खोल गेले होते. हातात एक कागद होता.

“भन्तेजी, मला झोप येत नाही. राग येतो. काल फोनवर साहेबांवर ओरडलो मी. आता वर दुसरं पत्र लिहिलंय, पण भाषा फार कडक झालीय. तुमच्या शिष्याला शोभत नाही. जरा सौम्य करून द्या.”

भन्तेंनी कागद उन्हाकडे धरून वाचला. सहा रिकाम्या जागांचा हिशेब होता. रजेचा हक्क होता. ‘ताप असलेल्या कर्मचाऱ्यास कामावर घेणे हा गुन्हा समजावा’ असं होतं. ‘सिस्टर कोडापे यांचे कर्तव्य बजावताना निधन झाले’ असंही होतं.

“भाषा ठीक आहे,” भन्ते म्हणाले. “एक गोष्ट राहिलीय.”

“कोणती?”

“ताप असताना तिला ड्युटीवर कोणी पाठवलं?”

डॉक्टरांचा चेहरा उतरला.

“ते लिहिलं तर माझी चौकशी लागेल, भन्तेजी.”

“लागेल.”

“नोकरी जाईल कदाचित…”

खाली गावातून रुग्णवाहिकेचा आवाज आला, रुग्णालयाच्या फाटकाशी येऊन थांबला. डॉक्टरांनी कागदाकडे पाहिलं, मग भन्तेंकडे.

“कुठे लिहू? शेवटी जागा आहे थोडी.”

भन्तेंनी कागद परत त्यांच्या मांडीवर ठेवला. वर पेन ठेवलं.

“पहिल्या ओळीत.”